पसरलेल्या कर्करोगांतील वेदना आणि आपलें कर्तव्य



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस रिसोड तालुक्यांतील एका खेड्यांत एका वृद्ध विधवा भगिनीच्या घरीं जाण्याचा मला प्रसंग आला. तिच्या स्तनांतील कर्करोग हाडांत पसरला होता. उपचार चालू होते. पण पाठीच्या कण्यांतील व मांडीच्या हाडांतील वेदनेमुळें तिला कूस पालटवत नव्हती. मी बाजेजवळ बसलों. तिनें विचारलें, "पाळकसाहेब, आतां किती सोसू जी?" मीं तिला धीर धरण्यास सांगितलें, प्रार्थना केली व घरीं परतलों. आपलें कर्तव्य झालें असें मला वाटलें.

आठ दिवसांनीं पुन्हां गेलों तेव्हां निराळीच गोष्ट कळली. डॉक्टरांनीं वेदनेसाठीं मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या होत्या, व दर चार तासांनीं एक द्यावी असें बजावलें होतें. परंतु "ही अफू आहे, म्हातारीला चटक लागेल, आणि आतां घेतली तर पुढें लागू पडणार नाहीं," असें कोणीसें सांगितल्यावरून मुलानें त्या गोळ्या पेटींत कुलूप लावून ठेविल्या होत्या. आई ओरडून ओरडून बेजार झाली म्हणजे तो एक गोळी काढी. एरव्हीं देत नसे. मुलगा निर्दय नव्हता. तो भीत होता. आणि मी? पहिल्या भेटींत "औषध कोणतें दिलें आहे? तें वेळेवर देतां काय?" हा साधा प्रश्नही मीं विचारिला नव्हता. जिच्यावरील औषध त्याच खोलींत कुलपांत होतें, ती वेदना सोसण्याचा उपदेश मात्र मीं केला होता.

ही चूक माझ्या मनाला फार लागली. आपल्या उपदेशक बंधूंच्या, बायबल-बायांच्या व घरोघरच्या माणसांच्या हातून ती होऊं नये म्हणून हा पाठ लिहीत आहें. पाठाचा सारांश आरंभींच सांगतों: पसरलेल्या कर्करोगांतील वेदना बहुतेक रोग्यांच्या बाबतींत ताब्यांत आणतां येते. ती आणण्याची खटपट करणें हें अधीरपणाचें लक्षण नव्हे, तर उपचाराचाच एक भाग आहे.

१. रोग पसरणें म्हणजे काय

आपल्या शरीरांतील पेशी ठराविक मर्यादेनें वाढतात व जुन्या होऊन नाहींशा होतात. कर्करोगांत कांहीं पेशी ही मर्यादा सोडून बेसुमार वाढतात व त्यांची गांठ किंवा जखम होते. त्यांतील कांहीं पेशी रक्तावाटें किंवा लसीकेच्या वाहिन्यांवाटें दूर जाऊन हाडें, यकृत, फुप्फुसें किंवा मेंदू ह्यांत ठाणें देतात. ह्यासच रोग पसरणें म्हणतात. स्तनाचा रोग हाडांत गेला तर तो हाडांचा निराळा रोग नव्हे; तो स्तनाचाच रोग, दुसऱ्या घरीं राहावयास गेलेला. म्हणून औषधही मूळ रोगाचेंच चालतें.

वेदना कां होते हेंही ह्यावरून समजेल. हाड आंतून पोखरलें जातें म्हणून दुखतें. गांठ मज्जातंतूंवर दाबली म्हणजे आग होते, मुंग्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखें होतें. यकृत फुगलें म्हणजे त्यावरील आवरण ताणलें जाऊन उजव्या कुशींत जडपणा व ठणका येतो. दुखण्याचें कारण जसें निराळें, तसा उपायही निराळा. म्हणून "दुखतें" एवढेंच न सांगतां "कसें दुखतें" हें डॉक्टरांना सांगणें अगत्याचें आहे.

येथें आणखी एक गोष्ट सांगून ठेवितों. कर्करोग शिवल्यानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा एका बाजेवर बसल्यानें लागत नाहीं. कित्येक घरीं रोग्याचें ताट-पेला निराळा काढून ठेवितात. हें अज्ञान आहे, आणि त्याचा घाव रोगापेक्षां कमी नसतो.

रोग पसरल्यावर तो समूळ जाणें बहुधा शक्य नसतें. तरी गोळ्या, केमोथेरपी, किरणोपचार ह्यांनीं तो कित्येक महिने, कधीं कधीं कित्येक वर्षें, आटोक्यांत ठेवितां येतो. अशा वेळीं दोन प्रश्न उभे राहतात: दिवस किती मिळतील, आणि मिळालेले दिवस कसे जातील. लोकांस वाटतें कीं, ह्या दोहोंपैकीं एकच निवडावें लागतें. रोगाशीं झगडा चालू असेतोंवर वेदनेकडे पाहूं नये, आणि सर्व उपाय थकले म्हणजेच वेदनेचें औषध मागावें. हा समज खोटा आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रोग्यांवर केलेला अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्या रोग्यांस नेहमींचे उपचार दिले. दुसऱ्या अर्ध्यांस त्याच उपचारांबरोबर पहिल्यापासूनच वेदना, धाप, उदासीनता ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची मदत दिली. ह्या दुसऱ्या गटाचे दिवस अधिक सुखाचे गेले. इतकेंच नव्हे, तर ते सरासरीनें कांहींसे अधिक जगले. अशा सेवेस डॉक्टर लोक पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण तिला उपशामक सेवा म्हणूं. ती शेवटची पायरी नव्हे; ती पहिल्या दिवसापासूनची सोबत आहे.

२. वेदनेचीं चार अंगें

सिसिली साँडर्स ह्या इंग्रज बाई प्रथम परिचारिका होत्या, मग रुग्णालयांतील समाजसेविका झाल्या व पुढें शिकून डॉक्टर झाल्या. त्यांनीं १९६७ सालीं लंडन येथें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हें असाध्य रोग्यांचें सेवागृह उघडलें. त्यांची शिकवण अशी कीं, वेदना ही केवळ शरीराची नसते. ती संपूर्ण माणसाची असते. तिचीं चार अंगें त्यांनीं सांगितलीं, तीं आपल्या खेड्यांतील घरांसही तंतोतंत लागू पडतात.

पहिलें अंग शरीराचें: ठणका, आग, वांती, धाप, बंदकोष्ठ. दुसरें मनाचें: भय, चिडचीड, झोप न येणें, मरण कसें येईल ही चिंता. तिसरें संसाराचें: सोयाबीन विकून आलेले पैसे औषधांत गेले, शेत गहाण पडलें, मुलीचें लग्न राहिलें, आपण घराला भार झालों. चौथें आत्म्याचें: "माझ्याच वांट्याला हें कां? मीं असें कोणतें पाप केलें?"

ह्या चौथ्या प्रश्नाला उत्तर देतांना आपण फार जपलें पाहिजे. ईयोबाच्या मित्रांनीं त्याच्या दुःखाचें कारण त्याच्या पापांत शोधिलें, आणि शास्त्रानेंच त्यांना चुकीचें ठरविलें, हें आपण सर्व जाणतों. तरी रोग्याच्या बाजेजवळ बसून आपण तेंच भाषण पुन्हां करितों. कर्करोग लहान मुलांनाही होतो, सज्जनांनाही होतो. तंबाखू व खर्रा ह्यांनीं तोंडाचा कर्करोग होतो हें खरें, व तें तरुणांस अवश्य सांगावें; परंतु ज्याला रोग झाला आहे त्याच्यापुढें त्याच्या जुन्या संवयीचा हिशेब मांडूं नये.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या सेवेचा पाया मुंबईंत घातला गेला. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. तेथील शस्त्रवैद्य डॉ. लुइस जोस डिसूझा ह्यांनीं ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे अशांसाठीं १९८६ सालीं वांद्रें येथें शांती अवेदना ही संस्था उघडली. भारतांतील हें पहिलें हॉस्पिस होय. तेथें कोणत्याही धर्माच्या रोग्याची सेवा विनामूल्य होते. पुढें गोव्यांत व दिल्लींतही तिचीं घरें झालीं. 'अवेदना' हें नांवच त्या कार्याचा हेतु सांगतें.

३. अफूचें भय

आतां त्या कुलूपबंद गोळ्यांकडे वळूं. मॉर्फीन अफूपासून निघतें हें खरें आहे. जर्मनींतील सेर्टुर्नर नांवाच्या तरुण औषधविक्रेत्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें अफूंतून वेगळें काढलें, व ग्रीक लोकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नांव दिलें. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशांत मंदसोर व नीमच ह्या भागांत सरकारी परवान्यानें अफूची शेती होते, आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्या अफूवर प्रक्रिया होते. म्हणजे हें औषध आपल्याच देशाच्या मातींतून येतें.

असें असतां आपल्याच रोग्यांस तें मिळेनासें झालें होतें. १९८५ सालीं मादक पदार्थांविषयीं कडक कायदा झाला. हेतु चांगला होता. पण परवान्यांची अडचण व शिक्षेचें भय इतकें कीं, पुष्कळ रुग्णालयांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडून दिलें. डॉक्टरांची एक पिढी तें न वापरतांच तयार झाली. ह्या कामीं केरळांतील डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सोबती ह्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि २०१४ सालीं संसदेनें कायद्यांत दुरुस्ती केली. आतां मान्यताप्राप्त रुग्णालयांना रोग्यांसाठीं मॉर्फीन ठेवण्याचा व देण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. तात्पर्य, डॉक्टरांच्या चिठ्ठीनें घेतलेलें मॉर्फीन घरांत असणें हा गुन्हा नव्हे.

आतां चटक लागण्याविषयीं. जो मनुष्य सुखासाठीं किंवा धुंदीसाठीं अफू खातो त्याची गोष्ट निराळी, आणि जो वेदनेसाठीं मोजून औषध घेतो त्याची निराळी. कर्करोगाच्या वेदनेसाठीं डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मॉर्फीन घेणाऱ्यास व्यसन लागल्याचें क्वचितच आढळतें. शरीराला मात्र औषधाची संवय होते. म्हणून तें एकाएकीं बंद करूं नये, डॉक्टर सांगतील तसें हळूहळू कमी करावें. "आतां घेतलें तर पुढें लागू पडणार नाहीं," हाही गैरसमज आहे. वेदना वाढली तर मात्रा वाढवितां येते, व ती कोठवर वाढवावी हें डॉक्टर रोग्याकडे पाहून ठरवितात. आणि मॉर्फीन सुरू झालें म्हणजे मरण जवळ आलें असें मुळींच नाहीं. योग्य मात्रेंत दिलेलें मॉर्फीन आयुष्य तोडीत नाहीं. पुष्कळ रोगी तें घेत असतां चालतात, जेवतात व आपलें काम करितात.

४. औषध देण्याचे नियम

जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं वेदनेच्या औषधांची एक शिडी सांगितली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. थोड्या वेदनेसाठीं पॅरासिटामॉल किंवा त्या वर्गांतील औषधें. त्यानें न भागल्यास कोडीन किंवा ट्रामाडॉलसारखीं औषधें. त्यानेंही न भागल्यास मॉर्फीन. वेदना आरंभींच तीव्र असेल तर खालच्या पायऱ्यांवर खोळंबून राहण्याचें कारण नाहीं. डॉक्टर थेट वरच्या पायरीवर जाऊं शकतात. घरच्यांनीं पाळावयाचे नियम असे:

पहिला: जोंवर गिळतां येतें तोंवर औषध तोंडावाटें द्यावें. सुईचेंच औषध जोरकस, हा भ्रम आहे.

दुसरा: घड्याळाप्रमाणें द्यावें, ओरडण्याप्रमाणें नव्हे. मॉर्फीनच्या साध्या गोळीचा गुण सुमारें चार तास टिकतो. तो संपण्याच्या आधींच पुढील गोळी गेली पाहिजे. आग विझवीत बसण्यापेक्षां ती लागूं न देणें सोपें. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही असतात, त्या बारा तासांनीं देतात. त्या फोडूं नयेत, चावूं नयेत. रात्रीं झोपमोड होऊं नये म्हणून निजतांना काय द्यावें, हें डॉक्टरांना आधींच विचारून घ्यावें.

तिसरा: मधेंच कळ उठली तर किती जादा गोळी द्यावयाची हें डॉक्टरांकडून लिहून आणावें. तीन-चार वेळां जादा गोळी लागूं लागली तर ठरलेली मात्रा अपुरी आहे असें समजून त्यांना कळवावें. आपल्या मनानें मात्रा बदलूं नये.

चौथा: मॉर्फीनबरोबर जुलाबाचें औषध पहिल्या दिवसापासून घ्यावें. मॉर्फीननें बंदकोष्ठ होतोच, व तो आपोआप जात नाहीं. पुष्कळ रोगी मॉर्फीन सोडतात ते ह्याच त्रासामुळें. मळमळ व गुंगी पहिले कांहीं दिवस वाटते, नंतर बहुधा ओसरते. मळमळीवर गोळी मिळते.

पांचवा: एका वहींत लिहून ठेवावें: केव्हां दिलें, आधीं किती दुखत होतें, नंतर किती. शहरांतील डॉक्टर दहांपैकीं किती दुखतें असें विचारतात. आपल्याकडील वृद्ध माणसांस हें उमजत नाहीं, पण "रुपयांत किती आणे दुखतें?" असें विचारलें म्हणजे "सकाळीं बारा आणे होतं, आतां चार आणे राह्यलं," असें उत्तर चटकन मिळतें. आणे बाजारांतून केव्हांच गेले, पण ह्या कामीं अजून खरे नाणें आहेत.

सहावा: औषध मुलांच्या हातीं लागणार नाहीं असें ठेवावें, दुसऱ्या कोणास देऊं नये, व उरलें तर रुग्णालयांत परत करावें. कुलूप लावणें बरोबरच आहे. फक्त किल्ली वेळेवर फिरली पाहिजे. रोगी हांक मारून जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, किंवा लघवी फार कमी होऊन गुंगी वाढत असेल, तर पुढील गोळी न देतां ताबडतोब डॉक्टरांस गांठावें.

५. गोळीशिवाय इतर उपाय

हाडांतील वेदनेवर किरणोपचार फार गुणकारी आहे. कित्येकदां तो एकाच दिवशीं एकदांच देऊनही भागतें. मात्र आराम पडण्यास कांहीं दिवस, कधीं दोन-चार आठवडे लागतात. त्यामुळें "किरण दिले तरी दुखतेंच" म्हणून लगेच निराश होऊं नये, व तोंवर गोळ्या बंद करूं नयेत. मज्जातंतूंच्या आगीवर अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन ह्यांसारखीं निराळीं औषधें देतात. तीं मूळचीं उदासीनतेचीं किंवा फेपऱ्याचीं औषधें आहेत हें चिठ्ठीवरून कळलें तर "वेड्याचें औषध दिलें" असें मानूं नये. सूज कमी करण्यासाठीं स्टेरॉइड व हाडांस बळकटी येण्यासाठीं विशेष सुया देतात. कोणता उपाय केव्हां करावा हें डॉक्टर ठरवितील. आपलें काम त्यांना दुखण्याचें खरें वर्णन सांगणें.

६. घरची शुश्रूषा

ह्या गोष्टींना पैसा लागत नाहीं, पण रोग्याचा दिवस ह्यांवरच बरा किंवा वाईट जातो.

तोंड: केमोथेरपीनें किंवा किरणांनीं तोंड येतें. कोमट पाण्यांत चिमूटभर मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसांतून चार-सहा वेळां गुळण्या कराव्या. तिखट बंद ठेवावें.

अन्न: भूक मंदावणें हा रोगाचाच भाग आहे. "खा, नाहीं तर शक्ति कशी येईल" म्हणून सक्ती करूं नये. थोडें थोडें, वेळोवेळीं, त्याला आवडेल तें द्यावें: मऊ भात, वरणाचें पाणी, ताक, ज्वारीची कण्या घालून केलेली पेज. अगदीं शेवटच्या दिवसांत अन्न नको वाटलें तर ओठ ओले ठेवणें हीच सेवा.

जखम: तोंडाची किंवा स्तनाची जखम उघडी पडली म्हणजे वास येतो, आणि माणसें दूर बसूं लागतात. रोग्याला हें वेदनेहून अधिक लागतें. जखम उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्यानें धुवावी. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाकिल्यानें वास पुष्कळ कमी होतो. हें डॉक्टरांस किंवा परिचारिकेस विचारून करावें. शेण, राख, हळद, झाडपाला कांहींही जखमेंत भरूं नये.

पडून राहणें: जो स्वतः कूस पालटूं शकत नाहीं त्याची कूस दर दोन तासांनीं पालटावी, पाठ व टाचा पाहाव्या, अंथरूण कोरडें व सुरकुतीविरहित ठेवावें.

धाप: टेकूनें बसवावें, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर पंख्याचा वारा घालावा, भोंवतालची गर्दी हटवावी.

७. विलंब न लावण्याच्या खुणा

कांहीं खुणा अशा आहेत कीं त्या दिसतांच त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें. पाठींत नवीन वेदना होऊन पाय लटके पडणें, पायांस बधिरपणा येणें, किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणें: पाठीच्या कण्यांतील रज्जूवर दाब आल्याचें हें चिन्ह आहे, व एक-दोन दिवसांचा उशीरही पाय कायमचे घालवूं शकतो. केमोथेरपी चालू असतां १००.४ अंशांहून अधिक ताप येणें. थोड्याशा धक्क्यानें हाड मोडणें. एकाएकीं भ्रम होणें, अतिशय तहान लागणें. ह्या खुणा प्रत्येक उपदेशकानें आपल्या वहींत लिहून ठेवाव्या.

८. कोठें जावें व खर्चाचें काय

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला, पण मोठ्या दुखण्यासाठीं आपली वाट अजून पुष्कळदां अकोला, नागपूर किंवा मुंबईकडेच जाते. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व संत तुकाराम हॉस्पिटल आहे. नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे; तेथेंच स्नेहांचल ही उपशामक सेवा करणारी संस्था आहे. मुंबईस टाटा रुग्णालयांत जाणाऱ्यांना उतरण्याची फार अडचण पडते. दादर येथें आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांच्या नांवानें चाललेली धर्मशाळा बाहेरगांवच्या रोग्यांस व त्यांच्या माणसांस आसरा देते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना ह्यांखालीं ठरलेल्या रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार ह्यांचा खर्च मिळतो. शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर न्यावें, व रुग्णालयांतील आरोग्यमित्रास भेटावें. रेल्वेंत उपचारासाठीं जाणाऱ्या कर्करोग्यास स्लीपरच्या डब्यांत भाडें माफ आहे, व सोबत्यास पाऊणपट सवलत आहे. त्यासाठीं रुग्णालयाचा दाखला लागतो. एस.टी.मध्येंही सवलत मिळते. ह्या गोष्टी ठाऊक नसल्यामुळें कित्येक कुटुंबें सावकाराच्या दारीं जातात. शेत गहाण टाकण्यापूर्वीं हे कागद करून द्यावे; हेंही सांत्वनच आहे.

प्रत्येक वेळीं डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावे: ह्या उपचारानें काय साधेल? त्यानें त्रास काय होईल? आणि वेदनेसाठीं काय देतां? तिसरा प्रश्न विचारण्यास आपले लोक लाजतात. आपण त्यांच्या वतीनें विचारावा.

९. भेटीस जाणाऱ्यानें काय करावें

प्रथम बसावें, मग ऐकावें, मग विचारावें, आणि शेवटीं बोलावें. आपण बहुधा उलट क्रमानें जातों. वेदनेनें तळमळणाऱ्यापुढें लांब प्रार्थना करूं नये. आधीं औषधाची वेळ झाली आहे काय तें पाहावें. वाटेंत पडलेल्या जखमी माणसाला शोमरोन्यानें उपदेश केला नाहीं. त्यानें जखमा बांधल्या व पुढील खर्चाची तजवीज केली.

कित्येक घरीं रोग्यापासून रोगाचें नांव लपवितात, आणि रोगी घरच्यांपासून आपलें ज्ञान लपवितो. दोघेही जाणतात, दोघेही एकटे रडतात. आपण जबरदस्तीनें पडदा फाडूं नये. पण रोग्यानें विचारिलें तर खोटें सांगूं नये. "तुम्हांला काय वाटतें?" असें विचारलें कीं बहुधा तो स्वतःच बोलूं लागतो. मग शेताची वांटणी, मुलांचें शिक्षण, कोणाची क्षमा मागावयाची, शेवट घरीं व्हावा कीं रुग्णालयांत, हें सर्व बोलतां येतें. आणि रात्रंदिवस जागणाऱ्या सुनेस किंवा मुलीस विसरूं नये. मंडळीपैकीं कोणी आठवड्यांतून दोन रात्री पाळी घेतली तर ती झोपेल. ह्याहून मोठी देणगी तिला नको असते.

त्या वृद्ध भगिनीच्या घरीं आम्हीं पेटी उघडविली. फोनवरून डॉक्टरांस विचारिलें, त्यांनीं मात्रा नव्यानें ठरवून दिली, जुलाबाचें औषधही सांगितलें. नात सातवींत शिकत होती. तिनें वहीवर रकाने आंखले व घड्याळाकडे लक्ष ठेविलें. पुढें मांडीच्या हाडाला एकदां किरणही दिले. वेदना सर्वस्वीं गेली नाहीं. "दोन आणे हाये," असें ती म्हणे. पण ती अंगणांत येऊन बसूं लागली, तुरी निवडूं लागली, नातीची वेणी घालूं लागली. त्यानंतर ती चार महिने जगली. रोग थांबला नाहीं. परंतु ते चार महिने तिचे होते, रोगाचे नव्हते. पहिले आठ दिवस मात्र माझ्या अज्ञानामुळें तिच्या हातून गेले, व ते परत देतां येत नाहींत.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वेदनेचीं चार अंगें कोणतीं? तुमच्या माहितीच्या एका रोग्याच्या बाबतींत प्रत्येकाचें उदाहरण द्या.

२. औषध घड्याळाप्रमाणें कां द्यावें? ओरडल्यावर दिल्यास काय बिघडतें?

३. वेदनेसाठीं मोजून घेतलेलें मॉर्फीन व व्यसनासाठीं घेतलेली अफू ह्यांतील भेद एका निरक्षर कुटुंबास कसा समजावून सांगाल?

४. कोणत्या खुणा दिसल्यास त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें?

५. तुमच्या गांवांत आज असा रोगी आहे काय? ह्या आठवड्यांत त्याच्या घरीं जाऊन पहिला प्रश्न कोणता विचाराल?